धोट्याचं चित्र आणि हवानाचा हेर



नववीच्या वर्गात 'गुप्तहेर' म्हटलं की उत्तरं ठरलेली. एक बहिर्जी नाईक, नाहीतर वेबसिरीजमधला पिस्तूलवाला. दोघेही शूर, आणि दोघेही ठरवून हेर झालेले. पण ज्याला हेर व्हायचंच नव्हतं आणि तरी झाला, असा साधा माणूस मुलांना सुचत नाही. म्हणून अवांतर वाचनाच्या तासाला मी ग्रॅहम ग्रीन यांच्या 'अवर मॅन इन हवाना' (१९५८) या इंग्रजी कादंबरीची गोष्ट मराठीतून सांगितली.

गोष्ट थोडक्यात अशी. क्युबाच्या हवाना शहरात वर्मोल्ड नावाचा इंग्रज माणूस व्हॅक्यूम क्लीनर विकतो. धंदा बेताचा. बायको सोडून गेलेली, आणि लाडक्या मुलीला, मिलीला, घोडा हवाय! ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा माणूस त्याला गाठतो आणि पगार देऊ करतो. याला हेरगिरीतलं ओ की ठो कळत नाही, पण पैसे हवेत. मग हा क्लबच्या सभासदांच्या यादीतून नावं उचलतो, 'हे माझे हेर' म्हणून कळवतो आणि त्यांचे पगार स्वतः घेतो. पुढे तर व्हॅक्यूम क्लीनरच्या सुट्या भागांची चित्रं मोठी करून काढतो आणि डोंगरात बांधलेलं गुप्त शस्त्र म्हणून लंडनला पाठवतो. लंडनचे साहेब घाबरतात!

इथे मी फळ्यावर यंत्रमागाचा धोटा काढला, आडवा, टोकदार, खूप मोठा. शेजारी मापासाठी एक इवलासा माणूस. 'हे काय?' बहुतेकांनी क्षेपणास्त्र, पाणबुडी असं सांगितलं. पूर्वभागातली एक मुलगी मात्र हसायला लागली. तिच्या घरी माग आहे, आई कांड्या भरते. 'सर, धोटा आहे हो तो!' लंडनच्या ऑफिसात असं ओळखणारं कुणी असतं तर कादंबरी तिथंच संपली असती. (खरं तर एकाला शंका येते, पण तो बोलत नाही. हा मुद्दा मुलांना जरूर सांगा.)

इथपर्यंत वर्ग हसत होता. मग वर्मोल्डने बनवलेल्या खोट्या नावांमागची खरी माणसं मरायला लागतात. ज्याला काहीच माहीत नाही असा एक वैमानिक मरतो, नंतर त्याचा जुना मित्र डॉक्टर मारला जातो. वर्ग गप्प झाला. खोटी बिलं लावून थोडे पैसे घेतले, त्यात काय एवढं, असं ज्यांना वाटत होतं तेही गप्प.

मुलं विचारतात, 'असं खरंच होतं का?' आपल्याकडे झालंय. जानेवारी १९८५. राजीव गांधी पंतप्रधान होऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि दिल्लीत कुमार नारायण नावाच्या माणसाला पकडलं. मुख्यालय मुंबईत असलेल्या एका यंत्रसामग्री कंपनीचा तो दिल्लीतला प्रतिनिधी. त्याच्यासोबत सापडले ते कुणी मोठे हेर नव्हते. पंतप्रधान कार्यालयातले, इतर खात्यांतले स्वीय सहायक, लघुलेखक अशी माणसं होती. कागद त्यांच्याच हातून जायचे. फाइल बाहेर न्यायची, झेरॉक्स काढायची, परत जागेवर ठेवायची. बदल्यात थोडे पैसे, दारूची बाटली. (वर्गात मी 'भेटवस्तू' म्हटलं.) हे कागद परदेशी वकिलातींपर्यंत पोचत होते. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांचा यात हात नव्हता, तरी कार्यालय आपलं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. हेच पुढे १९९३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. खटल्याचा निकाल लागला २००२ मध्ये, तेरा जण दोषी ठरले. कुमार नारायण तोवर वारला होता.

पालकांसाठी एक गोष्ट. आपल्या भागातली कितीतरी मुलं सैन्य, पोलीस, रेल्वे भरतीची तयारी करतात, आणि त्यांचा मोबाईल सतत हातात. आज कुणी बाटली घेऊन येत नाही, अनोळखी प्रोफाइलवरून मैत्रीची रिक्वेस्ट येते. आधी कौतुक, मग एखादा साधा फोटो, मग थोडे पैसे. २०२३ मध्ये पुण्यातल्या संरक्षण प्रयोगशाळेच्या संचालकांना अटक झाली, त्यात आरोप अशाच ओळखीचा होता. एवढा शिकलेला माणूस जिथे अडकल्याचा आरोप होतो, तिथे आपल्या पोराला 'सावध राहा' एवढंच सांगून भागणार नाही. पहिली मागणी किती साधी असते, ते उदाहरण देऊन दाखवावं लागतं. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा आहे. त्यात माहिती देणाऱ्याला ती किती महत्त्वाची वाटत होती, याने फारसा फरक पडत नाही.

तासाच्या शेवटी वहीत एकच प्रश्न लिहायला दिला: वर्मोल्डने कुठल्या पायरीवर थांबायला हवं होतं? निम्म्या वर्गाने लिहिलं, पहिला पगार घेतला तिथे. काहींनी लिहिलं, मिलीला घोडा नाही म्हणायला हवं होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने उत्तराऐवजी प्रश्नच लिहिला: 'मग तिच्या शाळेची फी कोण भरणार, सर?' त्याची वही अजून माझ्या टेबलावर आहे. पुढचा तास त्याच प्रश्नावर घेणार आहे.