इंग्रजीतलं ‘जर-तर’ : गाडी अडते कुठे?

मुलाखतीत प्रश्न येतो, “पदवीनंतर इतकी वर्षं घरीच का?” उत्तर मनात तयार असतं, ‘तेव्हा बी.एड. केलं असतं, तर आज मी शिक्षिका असते.’ पण इंग्रजीत बोलायची वेळ येते आणि तोंडून निघतं, “इफ आय वुड हॅव डन बी.एड., आय वुड हॅव बीन अ टीचर.”

यात दोष बुद्धीचा नाही, सवयीचा आहे. मराठीत दोन्ही भागांत ‘असतं-असते’ चालून जातं. इंग्रजी मात्र प्रत्येक भागाला वेगळं विचारते, ‘ही गोष्ट कधीची?’

बी.एड. राहून गेलं ते तेव्हा. म्हणून ‘इफ’नंतर ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. शिक्षिका असण्याची गोष्ट आजची. म्हणून ‘वुड’ आणि मूळ रूप. वाक्य झालं, “इफ आय हॅड डन माय बी.एड., आय वुड बी अ टीचर टुडे.” एका वाक्यात दोन काळ आले, म्हणून याला ‘मिक्स्ड कंडिशनल’ म्हणतात.

कधी उलटही घडतं. स्वभाव कायमचा आणि परिणाम कालचा असतो. ‘ती लाजाळू नसती, तर काल तिने प्रश्न विचारला असता.’ इथे म्हणा, “इफ शी वर नॉट शाय, शी वुड हॅव आस्क्ड द क्वेश्चन यस्टरडे.” बोलताना ‘वर’ऐवजी ‘वॉज’ही ऐकू येतं, पण लिहिताना ‘वर’च बरं.

एक पथ्य मात्र पाळा. अशा वाक्यांत ‘इफ’च्या भागात ‘वुड हॅव’ नको. परीक्षेत ती हमखास चूक धरली जाते.

आता एक वाक्य तुमच्यासाठी. ‘काल औषध घेतलं असतंस, तर आता बरं वाटलं असतं.’ ‘वाटलं असतं’ हे शब्द ऐकून तुम्ही ‘वुड हॅव फेल्ट’कडे वळाल. थांबा! बरं वाटायचं आहे ते आता. म्हणून, “इफ यू हॅड टेकन द मेडिसिन यस्टरडे, यू वुड फील बेटर नाउ.”

आजपासून घरातल्या घरात रोज अशी दोन वाक्यं बोलून पाहा. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ वेगळे करता आले, की मुलाखतीत मनातलं उत्तर जसंच्या तसं ओठांवर येईल.