उन्हाने रापणे

अतिनील किरण

उन्हाचा त्वचेवर होणारा परिणाम मुख्यतः अतिनील किरणांचा असतो. योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने १८०१ मध्ये त्यांचा शोध लावला. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए आणि उरलेले यूव्हीबी असतात. यूव्हीए त्वचेच्या आतल्या थरापर्यंत शिरतात. यूव्हीबी बहुतांशी बाह्यत्वचेत अडतात, आणि खिडकीची काच तर त्यांना जवळजवळ पूर्ण थोपवते. उन्हाची ऊब या किरणांमुळे जाणवत नाही. म्हणूनच गार वाऱ्याच्या दिवशी, काही चटका न जाणवताही, त्वचा होरपळू शकते.

रापण्याची क्रिया

उन्हातून येताच दिसणारा काळसरपणा नव्या रंगद्रव्याचा नसतो. त्वचेत आधीच असलेल्या मेलॅनिनचे यूव्हीएमुळे ऑक्सिडीकरण झालेले असते. खरे रापणे दोन-तीन दिवसांनी दिसते आणि त्याचा उगम इजेत असतो. यूव्हीबीमुळे पेशीच्या डीएनएमधील लगतचे थायमिन घटक एकमेकांना चिकटतात. ही इजा होताच पी५३ नावाचे प्रथिन सक्रिय होते. त्याच्या प्रभावाने त्वचेच्या पेशी एक संप्रेरक सोडतात आणि बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या रंगपेशींना मेलॅनिन बनवण्याचा निरोप मिळतो. तयार झालेले कण शेजारच्या पेशींत पोचतात व तेथे केंद्रकावर, नेमके उन्हाच्या बाजूला, छत्रीसारखे जमतात. रंग काळवंडल्याची खंत सर्वत्र ऐकू येते; पण हा रंग म्हणजे डीएनए वाचवण्याची शरीराची धडपड असते, हे क्वचितच सांगितले जाते.

या छत्रीची मर्यादा

रापल्याने मिळणारे संरक्षण तीन-चार एसपीएफच्या सनस्क्रीनइतकेच असते. जन्मतः गडद त्वचेचे कवच याहून भक्कम असल्याने भारतीयांत उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या तुलनेत बराच कमी आढळतो. मात्र मेलॅनोमाचा एक प्रकार तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. त्याचा उन्हाशी विशेष संबंध नाही. तेथील वाढत्या काळ्या डागाकडे लक्ष जात नाही आणि निदानाला उशीर होतो.

ड जीवनसत्त्व

डीएनएला इजा करणारे यूव्हीबीच त्वचेतील कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून ड जीवनसत्त्व घडवतात. यकृत आणि मूत्रपिंड त्याला कार्यक्षम रूप देतात. ते कमी पडले तर मुलांची हाडे मऊ राहून वाकतात, हाच मुडदूस. अतिनील दिव्याने तो बरा होतो, हे कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ मध्ये बर्लिनमध्ये दाखवून दिले. ऊन जास्त झाले तर जास्तीचे द्रव्य निष्क्रिय संयुगांत बदलते, त्यामुळे उन्हातून ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. गोळ्यांच्या अतिरेकाने मात्र होऊ शकते.

कोवळे ऊन

सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणाचा जाड थर ओलांडावा लागतो आणि यूव्हीबी वाटेतच शोषले जातात. त्यामुळे सकाळच्या कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व फारच थोडे मिळते. तान्ह्या बाळाला तेल लावून त्या उन्हात धरण्याची रीत प्रेमाची आहे, पण तेवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज ४०० एककांचे थेंब सुचवतात. सकाळच्या उजेडाचा खरा लाभ झोप-जागेचे चक्र नीट लागण्यात आहे. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की यूव्हीबी प्रखर समजावेत. पुण्यात मेच्या मध्यास शून्य सावली दिवस येतो, तेव्हा ही प्रखरता कळसाजवळ असते.

अपाय

यूव्हीएमुळे त्वचेतील कोलॅजन झिजते व सुरकुत्या लवकर पडतात. वांग उन्हाने गडद होतो, मोतीबिंदूचा धोका वाढतो. कृत्रिमरीत्या त्वचा रापवणाऱ्या उपकरणांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकले.

उपचार

याच किरणांचा औषधासारखाही उपयोग होतो. त्वचेच्या क्षयरोगावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल मिळाले. आयुर्वेदात कोडावर वापरल्या जाणाऱ्या बावचीत सोरालेन असते, जे त्वचेला अतिनील किरणांबाबत संवेदनशील बनवते. आधुनिक त्वचारोगतज्ज्ञ सोरालेनसोबत यूव्हीए किंवा नुसते ३११ नॅनोमीटरचे यूव्हीबी वापरतात. दोन्हींत किरणांची मात्रा मोजून हळूहळू वाढवली जाते. घरी बावचीचे तेल लावून उन्हात बसल्यास ती मोजताच येत नाही, आणि त्वचेवर भाजल्यासारखे फोड उठतात.