शोधा, पण सरकारी पानांतच

इगतपुरीच्या एका वस्तीत मोबाईलवर ‘टीबी काढ्याने बरा’ वाचून एका दादांनी गोळ्या सोडल्या. खोकला पुन्हा उलटला.

ताई-दादांनो, गूगलमध्ये ‘क्षयरोग उपचार’ लिहा, थोडी जागा सोडा. पुढे इंग्रजीत एस-आय-टी-ई, दोन टिंबे (:), जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन सलग लिहा. सरकारी पानेच निघतील. ‘प्रायोजित’ लिहिलेले उघडू नका, ती जाहिरात असते.

सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १००० रुपये मिळतात.

तथागतांनी कालामांना सांगितले, ऐकीव गोष्ट पारखून घ्या. मोबाईलवरचीही पारखा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका.