रोजच्या दोन किलोंचं गणित

पाच माणसांच्या घराला वर्षभर पुरेल एवढी भाजी पिकवायला किती जमीन लागते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार-मार्गदर्शिकेनुसार माणशी रोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी हवी, त्यात १०० ग्रॅम हिरवी पालेभाजी. पाच माणसांचे झाले दिवसाला दोन किलो आणि वर्षाला ७३० किलो. भारतातलं भाज्यांचं सरासरी उत्पादन हेक्टरी १८ टनांच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला पावणेदोन किलोच्या थोडं वर. या हिशेबाने सुमारे ४०० चौरस मीटर, म्हणजे चार गुंठे पीक उभं करावं लागेल. एका वाफ्यात वर्षाला दोन पिकं घेतली तर दोन गुंठे पुरतात. येण्याजाण्याच्या वाटा, रोपवाटिका आणि खताचा खड्डा धरला तरी तीन गुंठ्यांत काम भागतं.

जमीन एवढी थोडी लागते, तरी घरच्या मळ्यातून बारा महिने भाजी येणारी घरं कमीच. जानेवारीत मेथी, मुळा, कोबी खाऊन संपत नाही आणि मे महिन्यात बाजाराची वाट धरावी लागते. वर्षाला ७३० किलो भाजी पिकवणं एक वेळ सोपं आहे, पण ती रोज दोन किलो याप्रमाणे पिकवायला नियोजन लागतं. त्यासाठी वाफ्यांच्या नकाशाइतकंच पेरणीचं वेळापत्रकही नेटकं आखायला हवं.

थोडं थोडं पेरा

मेथी महिन्याभरात काढणीला येते आणि आठवडा-दहा दिवसांत निबर होते. बियाणं आहे म्हणून सगळा वाफा एकाच दिवशी पेरला, तर सगळी मेथी एकाच आठवड्यात खावी लागते. तोच वाफा चार भागांत वाटून दर दहा दिवसांनी एक भाग पेरला, तर जुडी रोज निघते. कोथिंबीर, पालक आणि मुळ्यालाही हाच नियम.

फळभाज्यांचं तंत्र वेगळं. भेंडी पेरल्यापासून दीड महिन्यात तोड्याला येते आणि फूल उमलल्यावर पाच-सहा दिवसांत शेंग खाण्याजोगी होते. तोडा चुकवला तर शेंग झाडावर जून होते. बी भरू लागलं की झाडाची साखर तिकडे वळते आणि नवी फुलं कमी येतात. म्हणून एक दिवसाआड तोडणं हे झाडाकडून जास्त भाजी घेण्याचं सर्वांत स्वस्त तंत्र आहे. भेंडी, गवार आणि चवळीची दुसरी पेरणी महिन्याभराने केली की पहिली झाडं थकेपर्यंत दुसरी तयार होतात.

वाण निवडतानाही हेच भान ठेवावं. बाजारासाठी लावल्या जाणाऱ्या बुटक्या टोमॅटोचा माल थोड्या दिवसांत एकदम पिकतो, कारण व्यापाऱ्याला तसाच लागतो. घरासाठी मांडवावर वाढत जाणारा, दीर्घकाळ थोडं थोडं देणारा वाण बरा. गावठी वाण इथे मोलाचे ठरतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असं बियाणं घरोघरी जपलं, वाढवलं, वाटलं. २०२० च्या पद्मश्रीने त्या कामाची दखल घेतली.

ऋतू झाडाला कळतो

कॅलेंडर मात्र आपल्या मर्जीने लिहिता येत नाही. टोमॅटोचं झाड उन्हाळ्यातही वाढतं, फुलतं. पण दिवसाचं तापमान ३५ अंशांपुढे गेलं आणि रात्रीही गारवा नसला, तर परागकण निकामी होतात आणि फूल गळतं. या फुलगळीवर खत हा उपाय नाही. उलट भेंडीचं बी जमीन १७ अंशांखाली गेली की धड उगवत नाही. गावठी वाल तर दिवसाची लांबी मोजतो. दिवस लहान होऊ लागल्यावरच तो फुलावर येतो. त्यामुळे जूनमध्ये लावलेला आणि ऑगस्टमध्ये लावलेला वाल पावसाळा सरल्यावर जवळपास बरोबरीने शेंगा देतो. वालाच्या बाबतीत टप्प्याटप्प्याने पेरून काहीच साधत नाही.

एप्रिल-मेमध्ये मेथी-पालकाचा हट्ट सोडून माठ आणि तांदुळजा पेरावा. या राजगिऱ्याच्या कुळातल्या वनस्पती. मका आणि ज्वारीसारखीच कार्बन डायऑक्साइड पक्का पकडण्याची त्यांची रासायनिक यंत्रणा कडक उन्हात आणि कमी पाण्यात उत्तम चालते. आजीच्या काळापासून उन्हाळ्यात तांदुळजा शिजत आला, त्याला असा शरीरशास्त्रीय आधार आहे.

पाणी मोजून जागा ठरवा

एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हिवाळ्यात जमीन आणि पानं मिळून दिवसाला चारेक मिलिमीटर पाणी उडून जातं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हाच आकडा सात-आठपर्यंत चढतो. दोनशे चौरस मीटर उभ्या पिकाला डिसेंबरात दिवसाला ८०० लिटर लागत असेल, तर मे महिन्यात १,६०० लिटर, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते. म्हणून उन्हाळ्यात एक तृतीयांश वाफेच पिकाखाली ठेवावेत, त्यांना ठिबक आणि पालापाचोळ्याचं आच्छादन द्यावं. उरलेली भूक साठवणीने भागवावी. त्यासाठी रब्बीचा कांदा आणि देठासकट काढलेला लाल भोपळा ठेवता येतो, गवारीच्या शेंगा वाळवता येतात. बांधावर शेवग्याची दोन झाडं असावीत. उन्हाळ्यासाठीची ही बेगमी ऑक्टोबरच्या लागवडीतच धरावी लागते.

बेवड बघून लावा

टप्प्याटप्प्याच्या पेरणीचं आणि ऋतूंचं अशी दोन वेळापत्रकं झाली, तिसरं वर्षांचं. वांगी, टोमॅटो, मिरची एकाच कुळातली आहेत. त्याच जागी दरसाल तीच लावली, तर मर रोगाचे जिवाणू मातीत साठत जातात. म्हणून मळ्याचे चार भाग करावेत. एकात वांगी-टोमॅटो-मिरची, दुसऱ्यात वेल आणि भेंडी, तिसऱ्यात गवार-चवळी-घेवडा, चौथ्यात पालेभाज्या, कोबी, कांदा. दरवर्षी प्रत्येक गट एक घर मागे सरकतो. शेंगवर्गाच्या मुळांवरच्या गाठींमध्ये रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात. म्हणून ती झाडं उपटू नयेत. जमिनीलगत कापून मुळं मातीत कुजू द्यावीत आणि तिथे नत्राच्या भुकेल्या पालेभाज्या घ्याव्यात. सूत्रकृमी मात्र भेंडी-काकडीलाही लागतात, त्यामुळे नुसती फेरपालट पुरत नाही. तिथे एक हंगाम झेंडू दाट लावावा. त्याच्या मुळांतली रसायनं सूत्रकृमींना मारक असतात.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे अध्यापक. 'प्रयोग परिवारा'तून त्यांनी शेतकऱ्यांना पानं आणि सूर्यप्रकाश मोजायला शिकवलं. दहा गुंठ्यांत कुटुंब सन्मानाने जगू शकतं, असं ते मांडत. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायकांनी घरच्या शेतातला अर्धा-एक एकर अन्नपिकांसाठी मागून घेतला. काय पेरायचं हे त्या ठरवू लागल्या. रोजचं ताट कोण भरतं हे ज्याला ठाऊक, त्यानेच वेळापत्रक आखावं, हे त्यामागचं शहाणपण.

पहिल्या वर्षी एकाच गुंठ्यापासून सुरुवात करावी. एका वहीत पेरणीची, पहिल्या तोड्याची आणि पीक संपल्याची तारीख लिहावी. आपल्या मातीत, आपल्या विहिरीवर कोणती भाजी किती दिवस पुरते हे कोणत्याही पुस्तकापेक्षा ती वही अचूक सांगेल, आणि दुसऱ्या वर्षीचा मळा तिच्यावरूनच आखता येईल.