हिरडा, तुरटी आणि ठसा : दिल्लीच्या परिसरातले वनस्पतिरंग

युरोपात सतराव्या शतकात जी नीळ सर्वांत जास्त भाव खायची, ती बयानाची. आग्र्यात डच कंपनीचा व्यापारी म्हणून राहिलेल्या फ्रान्सिस्को पेल्सार्टने १६२६ च्या आपल्या अहवालात तिची लागवड, कापणी आणि हौदातले कुजवणे बारकाईने नोंदवले आहे. एकाच पेरणीच्या तीन कापण्या होत, त्यातली दुसरी उत्तम, असे तो लिहितो. बयाना भरतपूर जिल्ह्यात आहे आणि सरकारी नकाशावर भरतपूर आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. चांदणी चौकातला कापडबाजार कटरा नील आणि जामा मशिदीजवळचा छिपांचा, म्हणजे कापड छापणाऱ्यांचा, छिपीवाडा ही नावेही त्याच व्यवहाराची साक्ष देतात.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. १८५६ मध्ये विल्यम पर्किनचा कृत्रिम जांभळा रंग आला, १८६८ मध्ये युरोपीय मंजिष्ठेच्या लालाचे मूळ द्रव्य अलिझारिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ मध्ये जर्मन कारखान्याची नीळ बाजारात उतरली. दोन पिढ्यांत रंगाऱ्याचे ज्ञान बिनकामाचे ठरले.

आज दिल्ली, गुरुग्राम, नोएडात हे ज्ञान पुन्हा शिकू पाहणारी तरुण मंडळी दिसतात. त्यांची पहिली शाळा म्हणजे जुन्या दिल्लीतला खारी बावली बाजार असायला हवा. तिथल्या पंसाऱ्यांकडे हिरडा, मंजिष्ठा, डाळिंबाची साल, कात, धायटीची फुले, तुरटी, बाभळीचा डिंक असे सगळे औषधी म्हणून मिळते. तिथून हाकेच्या अंतरावर तिलक बाजारात रसायने आणि तयार रंग विकले जातात.

नवशिक्याचा पहिला गोंधळ रंग या कल्पनेविषयीच असतो. ठशाला रंग लावायचा आणि कापडावर दाबायचा, असे त्याला वाटते. राजस्थानातल्या बगरूच्या छिपांची रीत वेगळी आहे. कापड आधी धुऊन हिरड्याच्या पाण्यातून काढतात. ते फिकट पिवळे होते आणि हिरड्यातले तुरट द्रव्य, टॅनिन, धाग्यात बसते. मग ठशाने छापतात ती दोन द्रावणे. एक म्हणजे गंजके लोखंड आणि गूळ पाण्यात बरेच दिवस आंबवून केलेली ‘स्याही’. ती हिरड्याला भेटताच काळी पडते. दुसरे ‘बेगर’, म्हणजे डिंक घालून दाट केलेले तुरटीचे पाणी. तुरटीला स्वतःचा रंग नाही, त्यामुळे छापताना नक्षी नीट दिसावी म्हणून त्यात थोडे गेरूसारखे काही मिसळतात. लाल उगवतो तो नंतर, मंजिष्ठेच्या किंवा आल नावाच्या झाडाच्या मुळांसोबत तांब्याच्या हंड्यात कापड उकळल्यावर, आणि तोही जिथे तुरटी लागली तिथेच. धायटीची फुले हंड्यात पडतात ती रंग सारखा बसावा म्हणून. बगरूतही आज पुष्कळदा मुळांऐवजी अलिझारिनची तयार पूड वापरली जाते. शिकणाऱ्याने हे विचारून घ्यावे.

पाण्याचा प्रश्न तर राजधानीत फारच खरा आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात मंजिष्ठेचा लाल उलट खुलतो, कारण तिला चुना मानवतो. त्याच पाण्यातले लोह मात्र हळदीचा, डाळिंबाचा पिवळा मळकट करते. म्हणून पुस्तकातले प्रमाण जसेच्या तसे उचलून चालत नाही. तरी मोजमाप हवेच. आयआयटी दिल्लीत एम. एल. गुलराजानी आणि दीप्ती गुप्ता यांनी नैसर्गिक रंगांवर संपादित केलेले पुस्तक १९९२ मध्ये निघाले. रंगाऱ्यांच्या अनुभवाला मोजमापाची जोड देणारे असे काम या शहरात झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

ठशांसाठी फार दूर जायला नको. हापूर जिल्ह्यातले पिलखुवा दिल्लीपासून दीड-दोन तासांवर आहे. चादरी छापणाऱ्या या गावात शिसवीचे ठसे कोरण्याचीही परंपरा आहे. एका नक्षीला बाह्यरेषेचा, भरणीचा आणि पार्श्वभूमीचा असे वेगवेगळे ठसे लागतात, आणि ते एकमेकांवर बिनचूक बसवणे हा हाताचा खरा अभ्यास.

या शहराला कागदावरच्या छपाईचाही मोठा वारसा आहे. सोमनाथ होर १९५८ मध्ये दिल्लीच्या कला महाविद्यालयात मुद्राचित्रण शिकवायला आले. जगमोहन चोप्रांनी १९६८ मध्ये मुद्राचित्रकारांचा ‘ग्रुप ८’ उभा केला. अनुपम सूद त्यातल्या सर्वांत तरुण. १९७६ मध्ये ललित कला अकादमीचे गढीचे स्टुडिओ सुरू झाले. पण गढीचा चित्रकार आणि पिलखुवाचा कारागीर यांची शिक्षणात गाठ पडत नाही, आणि वनस्पतिरंगांचे आज मोठे नुकसान या दुराव्याने होते आहे.

कारण कागदावर अडचण निराळी असते. वनस्पतीचा अर्क पाण्यात विरघळतो. तो तसाच लाकडी ठशावर किंवा लिनोवर लावला तर पसरतो. त्यासाठी मंजिष्ठेच्या गाळलेल्या अर्कात तुरटी विरघळवून धुण्याचा सोडा हळूहळू घालतात. भसाभस फेस येतो आणि न विरघळणारा लाल साका तळाशी बसतो. तो धुवून, वाळवून, काचेवर जवसाच्या उकळलेल्या तेलात घोटला की छापण्याजोगी शाई होते. नीळ मुळातच पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती सरळ घोटता येते. कापडाच्या रंगाऱ्याला तुरटीचा स्वभाव ठाऊक असतो आणि चित्रकाराला शाईचा चिकटपणा. दोघे एका टेबलाशी बसले, तर वर्षाचा अभ्यास महिन्यात उरकेल.

टिकाऊपणाबाबत भाबडेपणा नको. हळद उन्हात काही दिवसांत उडते. लोखंड आणि टॅनिनचा काळा रंग टिकतो, पण धाग्याला खातो. जुन्या छापील कापडांत काळ्या रेषांच्या जागी भोके पडलेली संग्रहालयांत दिसतात. म्हणून प्रत्येक नव्या रंगाची एक पट्टी अर्धी जाड काळ्या कागदाने झाकून थेट ऊन येणाऱ्या खिडकीत लावावी, आणि पट्टीवर तारीख, पाण्याचा स्रोत, तुरटीचे वजन लिहावे. दिल्लीचे मे महिन्यातले ऊन या परीक्षेला पुरेसे कडक असते.