विषय नंतर, आधी अट

लेखमाला : चेहरा आणि उजेड (भाग ९)

मागच्या भागात आपण एकाच चेहऱ्यापाशी थांबलो होतो. आता पंधरा-वीस चेहरे एकत्र ठेवायचे आहेत, आणि इथेच फोटोग्राफी शिकणारी मुलं अडतात. "सिरीज करायची आहे, पण विषय सुचत नाही, इन्स्पिरेशन मिळत नाही," हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की ते अभ्यासक्रमातच छापलेलं असावं. बुलढाणा जिल्ह्यातली मुलं त्याला एक पुरवणी जोडतात : "आमच्याकडे आहेच काय?" मग लोणारचं सरोवर आठवतं. पण सरोवर काही पोर्ट्रेटला बसत नाही.

शेवटी होतं काय, तर बाजाराच्या दिवशी एखादे सुरकुतलेले आजोबा गाठले जातात. तोंडात बिडी, डोक्यावर मळकं पागोटं, फोटो काळापांढरा, कॉन्ट्रास्ट चढवलेला. असे दहा आजोबा जमले की त्याला सिरीज म्हणायचं. मला या फोटोंचा कंटाळा आला आहे. आजोबांचा दोष नाही. दहाही फोटो एकच गोष्ट सांगतात, की म्हातारपणी सुरकुत्या पडतात.

विषय शोधत बसण्यापेक्षा एक अट घाला आणि ती पाळा. ज्यांना आपण मोठे फोटोग्राफर म्हणतो त्यांच्या मालिका बघा. निकोलस निक्सन या अमेरिकन फोटोग्राफरने १९७५ साली आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांचा एकत्र फोटो काढला. पुढे दरवर्षी एक फोटो, त्याच चौघी, त्याच क्रमाने उभ्या. अट एवढीच. चाळीस वर्षांनंतर ते फोटो ओळीने पाहताना पोटात कालवतं, आणि त्यातला कुठलाही एक फोटो सुटा पाहिला तर घरगुती अल्बममधला वाटतो. मुंबईच्या केतकी शेठ यांनी जुळी माणसं घेतली, तीही फक्त पटेल आडनावाची, भारतातली आणि ब्रिटनमधली. १९९९ साली त्याचं पुस्तक झालं. अट जितकी अरुंद तितकं आत खोल जाता येतं, हे त्या पुस्तकात पानोपानी दिसतं.

पण आपल्या कामाचा खरा माणूस जर्मनीचा ऑगस्ट झांडर. समाजातले सगळे थर चेहऱ्यांमधून मांडायचे असं त्याने ठरवलं आणि व्यवसायांनुसार गट पाडले. पहिला गट शेतकऱ्यांचा. त्याचा १९१४ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. तीन तरुण शेतकरी चिखलाच्या वाटेवर थांबलेत, अंगात काळे सूट, हातात काठ्या, डोक्यावर हॅट, नाचाच्या कार्यक्रमाला निघालेले. झांडरने त्यांच्या हातात नांगर दिला नाही. ते ज्या रुबाबात निघाले होते त्याच रुबाबात त्यांना उभं केलं, आणि तरी ते शेतकरी आहेत हे त्यांच्या हातांवरून, बुटांवरून, किंचित आखडलेल्या खांद्यांवरून कळतं. १९२९ मध्ये त्याने साठ फोटोंचं पुस्तक काढलं. १९३६ मध्ये नाझींनी त्याच्या छपाईच्या प्लेट नष्ट केल्या. साध्या, सरळ उभ्या माणसांचे फोटो, त्यात घोषणा नाही की झेंडा नाही, तरी राज्यकर्त्यांना ते खुपले. कारण त्यात जर्मनी जशी होती तशी दिसत होती. त्यांना हवी होती तशी नव्हे.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. इथे अट आयतीच पडलेली आहे. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा लोक बोलताना दोनच भागांत वाटतात, घाटावर आणि घाटाखाली. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार हे घाटावरचे; मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. पाणी वेगळं, बोलण्याचा हेल वेगळा, उन्हाळा तर फारच वेगळा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी गावं आहेत. घाटावर आई आणि घाटाखाली दिलेली लेक, अशा मायलेकींच्या जोड्या घेतल्या तर दोन चेहऱ्यांच्या मधे अख्खा जिल्हा येतो. सोयरिकी घाट चढतात-उतरतातच, तुम्हाला फक्त एसटीत बसायचं आहे.

किंवा भेंडवळ घ्या. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रभरात काय हललं ते बघून पाऊसपाण्याचं, पिकांचं भाकीत सांगितलं जातं. दरवर्षी वर्तमानपत्रात फोटो येतो तो घटाचा. भाकीत खरं ठरतं की नाही हा वाद वेगळा, तो इथे नको. पोर्ट्रेट करणाऱ्याने घटाकडे पाठ करावी. कपाशी 'मध्यम' सांगितली तेव्हा ज्याची सगळी जमीन कपाशीखाली आहे त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं, ते तिथे पहाटेच्या कोवळ्या उजेडात दिसतं. अट : फक्त भाकीत ऐकून परतणारी माणसं, शेताच्या बांधावर, एकेकटी, आणि प्रत्येकाने या वर्षी काय पेरायचं ठरवलं तेवढीच ओळ खाली. वर्षातून एकच सकाळ मिळते, म्हणजे मालिकेला तीन-चार वर्षं लागतील. लागू द्या.

एक विषय मात्र जरा सावकाश घ्यायला हवा. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. डोकं खाजायचं, मग केस नुसते ओढले तरी हातात यायचे, आणि काही दिवसांत टक्कल. बायका, कॉलेजची पोरं, लहान मुलं, कुणी सुटलं नाही. पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरची पथकं आली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. काही महिन्यांनी त्याच भागात नखं गळण्याच्या तक्रारी आल्या.

त्या दिवसांतले फोटो आठवून पाहा. बहुतेक वरून काढलेले : वाकवलेलं डोकं, मधोमध टक्कल, समोर मुठीत धरलेला केसांचा झुबका. बातमीसाठी ते बरोबरच होतं, पुरावा दाखवायचा होता. पण चेहरा कुठे आहे? आणि जिथे चेहरा होता तिथे त्याने नुकसानच केलं. गावात सोयरिकी अडल्या, लोक बाहेर जायला लाजू लागले, त्याच्याही बातम्या झाल्या. कॅमेरा आला आणि गावाचं नाव 'टकलूंचं गाव' असं पसरवून गेला.

एखाद्या विद्यार्थ्याला आता त्या गावांत जाऊन मालिका करावीशी वाटली तर अट काय असेल? मी तरी अशी घालीन : कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर जाणार नाही. टोपी, रुमाल, पदर डोक्यावर राहणार की उतरणार हे फोटोत बसणारा ठरवेल. केस परत आले असतील तर तो फोटोही तितकाच महत्त्वाचा. आणि जिच्या लग्नाचं बोलणं चालू आहे त्या मुलीचा फोटो काढायचाच नाही, ती हो म्हणाली तरी. इथे मुलं वाद घालतात, म्हणतात संमती दिली ना, मग झालं. कॅमेरा हातात घेतलेल्या पाहुण्याला गावात कुणी पटकन 'नाही' म्हणत नाही. त्या 'हो'ला फार वजन देऊ नये. मूल असेल तर आईबापाशी बोलल्याशिवाय कॅमेरा बॅगेतून काढूच नये.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते, माणसाला नुसता पुरावा न करता कसं दाखवायचं यासाठी, पाहण्यासारखे आहेत. गटारात उतरलेला माणूस त्यांनी दाखवला, आणि तोच माणूस घरी, बायकामुलांत कसा असतो तेही. त्यामुळे घाण बघून नाक मुरडायची सोय बघणाऱ्याला राहत नाही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण विद्यार्थ्याने त्यांच्याकडून घ्यायचं ते एकच : दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाणं. पहिल्या भेटीत माणूस फोटोसाठी उभा राहतो. पुढच्या भेटीत त्याला उभं राहायचा कंटाळा येतो, आणि तिथून तुमचं काम सुरू होतं.

आता थोडं उजेडाचं, कारण अट कितीही चांगली असली तरी घाटाखालचं मे महिन्यातलं ऊन ती धुऊन टाकतं. पारा ४४-४५ वर असताना अंगणात उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. त्याला उंबऱ्याच्या आत, हातभर मागे उभं करा. तोंड अंगणाकडे, तुम्ही बाहेर. आता ऊन थेट पडत नाही, अंगणातून उसळून येतं, आणि हनुवटीखालची सावली भरून निघते. अंगण सारवलेलं असेल तर चेहऱ्यावर किंचित तांबूस झाक येते, ती राहू द्या. काळ्या मातीचं असेल तर उजेड गिळला जातो. मग समोर एखादं पांढरं धोतर किंवा चादर अंथरा, घरचे हसतील पण फरक दिसेल.

यात एक खोच आहे. माणसाच्या मागे घरातला अंधार असतो. कॅमेऱ्याचं मीटर तो अंधार पाहून फोटो उजळवतं, आणि पांढरी टोपी पार जळून जाते, तिची शिवणसुद्धा दिसत नाही. म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या. मोबाइलवर असाल तर गालावर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह खाली ओढा, आणि तो 'ब्युटी' मोड कायमचा बंद करा. तो सावळ्या माणसाला न विचारता गोरा करतो. खामगावात चांदी गाळणाऱ्या कारागिरांवर मालिका करायची असेल तर अडचण उलटी असते : भट्टीचा नारिंगी उजेड एका गालावर आणि ट्यूबलाइटचा हिरवट दुसऱ्यावर. ट्यूब दोन मिनिटं बंद करता येईल का, एवढंच मालकाला विचारा.

इथला विद्यार्थी बहुधा कॉलेजात कमी आणि स्टुडिओत जास्त शिकतो. लग्नसराईत लाइट धरतो, रात्री अल्बम लावतो, प्री-वेडिंगला लोणारला जातो. बऱ्याच मुलांना या कामाची लाज वाटते, 'कला' म्हणजे काही दुसरंच असं त्यांना वाटतं. त्यांनी माइक डिसफार्मर नावाच्या माणसाचे फोटो बघावेत. अमेरिकेच्या अर्कान्सा राज्यातल्या एका लहान गावात त्याचा स्टुडिओ होता. समोर शेतकरी, सैनिक, भावंडं, साधा पडदा, उत्तरेचा उजेड. कुणाला हसायला सांगायचा नाही. १९५९ मध्ये तो गेला तेव्हा तो एक गावातला फोटोवाला होता, एवढंच. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह पुढे १९७० च्या दशकात लोकांसमोर आल्या आणि आज ते अमेरिकन पोर्ट्रेटमधलं मोठं काम मानलं जातं. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात नागद्याला सुरेश पंजाबी यांच्या सुहाग स्टुडिओचंही असंच झालं. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी २०१३ मध्ये त्या फोटोंवर पुस्तकच काढलं. तुमच्या गावातल्या जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यांत निगेटिव्ह पडल्या असतील. मालकाला विचारून त्या उन्हापाण्यातून वाचवा. आणि त्या फोटोंतली माणसं आज कुठे आहेत ते शोधून त्याच पोझमध्ये पुन्हा बसवा. ही अटही वाईट नाही.

"माहा फोटू कायले पायजे तुले?" हे कुणीतरी विचारणारच. उत्तर तयार ठेवा, आणि ते खरं असू द्या. 'कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी' हे उत्तर चालतं, 'तुम्हाला फेमस करतो' हे चालत नाही. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाचा एक उपक्रम आहे, देशभरातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतले चेहरे जमवण्याचा. त्यात प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव, काम, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो. ही सवय उचला. 'अ फार्मर फ्रॉम विदर्भ' असं लिहिणं थांबवा. त्याला नाव आहे, आणि ते छापायला त्याची हरकत नसेल तर तेच लिहा.

आणि प्रिंट द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो पुढच्या फोनबरोबर जातो. कागदावरचा फोटो भिंतीवर लागतो, आणि दुसऱ्यांदा त्या घरी जायला तुम्हाला निमित्त मिळतं. कित्येक घरांत म्हातारी माणसं त्या प्रिंटची वाट वेगळ्याच हिशेबाने बघत असतात, "हा चांगला आला, मागून हारासाठी चालंल" असं हसत सांगतात. घाबरू नका, तो तुमच्या फोटोचा सगळ्यात मोठा गौरव आहे.

पुढच्या शुक्रवारपर्यंत तुमची अट एका वाक्यात वहीत लिहून ठेवा. वाक्यात 'आणि' दोनदा आला तर एक भाग कापा. त्या अटीत बसणारी चार माणसं ओळखीतून शोधा, त्यांच्याकडे जा, पण पहिल्या भेटीत कॅमेरा नेऊ नका. दाराची दिशा कोणती, अंगण कसलं, सकाळी उजेड कुठवर येतो एवढं टिपून आणा. पुढच्या भागात काढलेल्या फोटोंचा क्रम कसा लावायचा आणि आवडता फोटो मालिकेतून कधी काढून टाकायचा ते पाहू.