जुन्या संगणकाला नवी रॅम चालत नाही तेव्हा



गटाचा संगणक ही आता आपली दुसरी तिजोरीच झाली आहे. बचतीच्या नोंदी, कर्जाचे हप्ते, बँकेला द्यायचे प्रस्ताव, पापड-मसाल्याची बिले, सगळे त्यातच असते. आणि बहुतेक ग्रामसंघांकडचा संगणक जुना असतो; कुणी भेट दिलेला, नाहीतर तालुक्याच्या गावातून जुन्यात घेतलेला. तो नेमका मार्चअखेरीला अडून बसतो. मग कुणीतरी सांगते, "रॅम वाढवा." रॅम आणली, बसवली, की संगणक सुरूच होत नाही. पडदा काळा आणि आतून नुसता पिप-पिप आवाज. अशा वेळी ऐकू येणारे वाक्यही ठरलेले आहे: "ताई, मदरबोर्ड गेला. आता नवीनच घ्या."

आमच्या प्रभागातल्या एका ग्रामसंघाला हेच सांगण्यात आले. नव्या संगणकासाठी फिरता निधी वापरायचा का, यावर बैठकीत चर्चाही सुरू झाली. पण त्यांच्या सचिवताईंनी एक साधी गोष्ट केली. नवी रॅम काढून जुनी परत बसवली. संगणक लगेच सुरू झाला. म्हणजे बोर्ड गेला नव्हता. नवी रॅम आणि जुना बोर्ड यांचे जमत नव्हते, एवढेच. हे जमणे, न जमणे कशावर ठरते, ते आज आपण पाहू.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. हार्डडिस्क म्हणजे कोठी. धान्य कोठीत कितीही असले तरी एका वेळी काम होते ते ओट्यावर मावेल तेवढेच. ओटा लहान असला की सारखे उचल-ठेव करावे लागते आणि काम रेंगाळते. म्हणून रॅम वाढवली की वेग येतो. पण आधी अडचण ओट्याचीच आहे का, ते पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम सुरू असताना मेमरी ८५-९० टक्क्यांवर असेल, तर रॅम कमी पडते आहे. मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र १०० टक्के, असे असेल तर रॅमवर पैसे घालू नका. तिथे हार्डडिस्क बदलून एसएसडी बसवण्याचा उपयोग जास्त होतो.

रॅम घ्यायचीच असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी जुन्या पट्टीवरचे लेबल वाचा आणि वहीत उतरवा. त्यात पाच गोष्टी पाहायच्या.

पहिली गोष्ट, पिढी. डीडीआर-२, डीडीआर-३, डीडीआर-४ या वेगवेगळ्या पिढ्या आहेत. एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही, कारण पट्टीच्या कडेची चीर प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असते. डीडीआर-३ ला २४० पिना असतात, डीडीआर-४ ला २८८. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. बहुतेक वेळा ती दुसऱ्या पिढीची असते, नाहीतर उलटी धरलेली असते.

दुसरी, आकार. डेस्कटॉपची पट्टी सुमारे १३ सेंटिमीटर लांब असते. लॅपटॉपची त्याच्या निम्मी.

तिसरी, वेग. लेबलवर १३३३ किंवा १६०० असा आकडा असतो. कधी त्याऐवजी पीसी३-१०६०० किंवा पीसी३-१२८०० लिहिलेले असते. त्याचा अर्थ अनुक्रमे १३३३ आणि १६०० हाच. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र बसवल्या तर सहसा चालतात, पण दोन्ही कमी वेगानेच चालतात. बैलगाडीला एक बैल तेज आणि एक मंद असला तर गाडी मंद बैलाच्याच चालीने जाणार, तसेच हे.

चौथी, पट्टी कुठल्या यंत्रासाठी बनली आहे. मोठ्या सर्व्हरमधून काढलेल्या जुन्या पट्ट्या बाजारात स्वस्त मिळतात. त्यांच्या आकड्यापुढे 'आर' हे अक्षर असते, म्हणजे १०६००आर. आपल्या साध्या संगणकात त्या चालत नाहीत. काही स्वस्त डीडीआर-३ पट्ट्या फक्त एएमडी प्रोसेसरच्या बोर्डावर चालतात, इंटेलच्या नाही. म्हणून निम्म्या किमतीत पट्टी मिळाली की आधी विचारा, ही कशासाठीची आहे?

पाचवी, बोर्डाची मर्यादा. प्रत्येक बोर्ड ठरावीक रॅमच पेलतो. बोर्डाचे नाव कळण्यासाठी विंडोजच्या शोधपट्टीत सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, किंवा झाकण उघडून बोर्डावर छापलेले नाव वाचा. त्या नावाच्या माहितीपुस्तिकेत जास्तीत जास्त किती रॅम चालते, ते दिलेले असते.

त्या ग्रामसंघाची अडचण मात्र या पाचांच्या पलीकडची होती. त्यांचा बोर्ड इंटेलच्या जी-४१ चिपसेटचा. जुन्यात घेतलेल्या संगणकांत हा खूप दिसतो. डीडीआर-३ बरोबर होती, वेग बरोबर, आकार बरोबर, तरी ४ जीबीची पट्टी चालेना. कारण पट्टीवरच्या काळ्या चिपांमध्ये होते. चार किलो डाळ आठ मोठ्या डब्यांत भरता येते किंवा सोळा लहान डब्यांत. तसेच ४ जीबीच्या पट्टीवर आठ मोठ्या क्षमतेच्या चिपा असतात किंवा सोळा लहान क्षमतेच्या. जी-४१ ला मोठ्या क्षमतेच्या चिपा ओळखता येत नाहीत. त्याला दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशा सोळा चिपांची पट्टी लागते. ताईंनी चिपा मोजल्या, त्या आठच निघाल्या. दुकानातून बदलून सोळा चिपांची पट्टी आणली आणि संगणक सुरू झाला. बदलून मिळाली, कारण बिलावर 'न चालल्यास परत' असे लिहून घेतले होते.

पट्टी स्वतः बसवायची असेल तर संगणक बंद करा, वायर काढा आणि सुरू करायचे बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. अंगावरच्या नायलॉनच्या साडीची बारीक ठिणगीही रॅमला मारक ठरू शकते. म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. पट्टी कडेने धरा, चीर जुळवा आणि दोन्ही टोके सारखी दाबा. क्लिप आपोआप 'टक्' करून लागली पाहिजे.

तरीही सुरू झाला नाही, तर हा क्रम धरा. पट्टीची सोनेरी कड शाळेच्या खोडरबराने हलकी पुसा आणि परत बसवा. मग एका वेळी एकच पट्टी ठेवून, ती प्रत्येक खाचेत लावून पाहा. जुनी चालते आणि नवी कुठेच चालत नाही, तर दोष पट्टीत आहे किंवा ती जुळत नाही. एका खाचेत दोन्ही चालतात आणि दुसरीत एकही चालत नाही, तर खाच खराब आहे. कधी बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी, वायर काढलेली असताना, पाच मिनिटे काढून ठेवली की बोर्ड नव्याने रॅम ओळखतो. मात्र त्यानंतर तारीख-वेळ नीट लावा, नाहीतर नोंदींवर भलतीच तारीख पडेल.

संगणक सुरू होतो पण मध्येच बंद पडतो, असे झाले तर विंडोजमधले मेमरी डायग्नॉस्टिक चालवा. तोवर त्यावर हिशेब लिहू नका. खराब रॅममुळे फाइलमधले आकडे बिघडू शकतात.

आणखी एक तक्रार नेहमी येते: ६ जीबी बसवली, पण वापरायला ३ जीबीच्या आसपासच दिसते. तिथे बहुधा विंडोज ३२-बिटचे असते. आपल्याकडचे ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढे जात नाही. त्यासाठी ६४-बिटचे विंडोज नव्याने टाकावे लागते, आणि तेव्हा जुना मजकूर पुसला जाऊ शकतो. म्हणून आधी सगळे हिशेब, ठराव आणि जुने मराठी फाँट पेनड्राइव्हवर घ्या, आणि ते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. प्रिंटरचे सॉफ्टवेअरही ६४-बिटचे लागेल, ते मिळते का ते आधीच विचारा.

शेवटी बिलाबद्दल. बिल गटाच्या नावाने घ्या. त्यावर पट्टीची पिढी, जीबी, वेग, वॉरंटी आणि न चालल्यास बदलून मिळेल का, हे लिहून घ्या. खरेदीचा ठराव करताना जुनी पट्टी कुठे गेली, तेही नोंदवा. ती गटाची मालमत्ता आहे. दुकानदार ऐकतच नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. आपल्या संगणकाचा बोर्ड, रॅमची पिढी, खाचा किती, रिकाम्या किती आणि विंडोज किती बिटचे, हे साठा नोंदवहीच्या एका पानावर लिहून ठेवा. "बोर्ड गेला" असे पुढच्या वेळी कुणी म्हणाले, तर ते पान पुढे ठेवा आणि जुनी पट्टी लावून दाखवायला सांगा.